निशाणी सतरा

हार्ड डिस्क एक, काळी, कोपऱ्याला पोचा.
लाखेचं सील शाबूत.
चिठ्ठी माझ्याच अक्षरातली, नऊ वर्षांपूर्वीची,
तेव्हा मी 'मुद्देमाल' वळणदार लिहायचो.

हुकूम आज आला:
अपिलाची मुदत संपली,
सबब मुद्देमाल नष्ट करण्यात यावा.

विक्रोळी कोर्टातला खटला. आरोपी हेमंत चुरी,
वय बावीस, राहणार टेंभीपाडा, भांडुप.
सिनेमा लागला शुक्रवारी,
रविवारी यानं नेटवर चढवला,
सोमवारी दुपारपर्यंत चाळीस हजारांनी उतरवून घेतला.
पैसे किती मिळाले?
काहीच नाही मॅडम. खाली लोक थँक्यू लिहितात.
मॅडमनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं.
हे नोंदीत नाही.

फिर्यादीतर्फे साक्षीदार तीन,
मृण्मयी गोरक्षकर, ध्वनिसंयोजक.
म्हणाल्या, गाणी चोरली त्याचं सोडा.
त्या सिनेमात मी अकरा सेकंदांची शांतता ठेवली होती.
आई दार लावून घेते आणि काही वाजत नाही,
पंखासुद्धा नाही.
त्या काही-नाहीसाठी सात रात्री जागले होते.
तुमच्या प्रतीत तिथे कुणीतरी खोकतंय.

मग प्रत कोर्टात लावली.
आईनं दार लावलं.
मी भिंतीशी उभा, काखेत रजिस्टर.
दोन कोरडे, एक दाबलेला,
मग घशातच विरलेलं 'अगं आई'.

माझा बाप.
चंद्रिका टॉकीज, डोअरकीपर, एकतीस वर्षं हातात बॅटरी.

तज्ज्ञ सांगत होता, पडद्यावर ठिपके पेरलेले असतात,
डोळ्यांना दिसत नाहीत,
त्यावरून थिएटर कळतं, वार कळतो, खेळ कळतो.
शनिवार, रात्री पावणेदहा.
कॅमेरा कुणाचा, ते सिद्ध झालं नाही.
डोअरकीपर मयत, पोलिसांचा शेरा.
मी काही बोललो नाही.

अंधारात त्याला तिकिटावरचा नंबर वाचता यायचा.
मांडीखाली दडवलेली क्वार्टर दिसायची.
मग ती एवढीशी लाल ठिणगी?
त्या महिन्यात घरी दोनशे-चारशे जास्त आले होते का
हे मी आठवत बसतो,
आणि आठवायला लागलं की उठून पाणी पितो.

हेमंतला सहा महिने, पन्नास हजार दंड.
आता मुलुंडला सोसायट्यांचे कॅमेरे बसवतो म्हणे.
चंद्रिका पाडली. तिथे गाड्या ठेवायचा सात मजली सांगाडा,
गाडी वर जाते, माणूस खाली उभा.

बापाचे फोटो आहेत दोन. एकात डोळे मिटलेले.
आवाज फक्त इथे,
एक तास बाराव्या मिनिटाला.
कॉपी करायला काय लागतं?
चार मिनिटं, आणि कलम त्रेसष्ट.

नाझरनं ड्रिल आणून दिलं.
पंच दोन: कँटीनवाल्याचा भाचा,
आणि झेरॉक्सवाला गोठणकर,
ज्याच्या मशीनवर त्या वेळी
एका गाइडची अख्खी प्रत निघत होती.
कुणी हसलं नाही.
तीन भोकं पाडली. भुसा निघाला, चंदेरी, थोडासाच.
लिहिलं, नष्ट केला. चार वाजून दहा मिनिटं. सही.

रात्री फोनवर सिनेमाचं नाव टाकलं.
आहे.
नावाखाली आकडा: वाटणारे, चार.
कोण असतील, कुठल्या गावी,
एवढ्या जुन्या, एवढ्या अंधुक प्रतीसाठी
रात्रभर मशीन चालू ठेवणारे?
त्यांना माहीत तरी आहे का, काय सांभाळतायत?

उतरवलं नाही.
बायको म्हणाली, झोपायचं नाही का.
झोपतो म्हटलं.

साडेबाराला तीन झाले.
बसून राहिलो.
पावणेदोनला पुन्हा चार.